शब्दांचा वाटा खरंच फक्त 7 टक्के?

‘संवादातला 93 टक्के अर्थ देहबोली आणि आवाजातून पोहोचतो, शब्दांतून फक्त 7 टक्के.’ अभिनयाच्या शिबिरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. आकडा नेमका असल्याने ते पटतंही.

आकडे हवेतून आलेले नाहीत. 1967 साली प्रसिद्ध झालेल्या दोन छोट्या प्रयोगांची ती बेरीज आहे: शब्द 7, आवाज 38, चेहरा 55. पण त्या प्रयोगांत संवाद नव्हताच. ध्वनिमुद्रित सुटे शब्द आणि चेहऱ्यांचे फोटो होते. ‘कदाचित’ या अर्थाचा एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचा, सोबत फोटो दाखवायचा आणि विचारायचं, बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही? म्हणजे मोजली गेली ती आवड-नावड, तीही बऱ्याचदा सूर आणि चेहरा मुद्दाम विसंगत ठेवून. शिवाय अंगविक्षेप, चाल, उभं राहणं यांतलं काहीच तिथे नव्हतं. त्या 55 ला ‘देहबोली’ हे नाव नंतर चिकटलं.

पडताळणी तालमीतच होते. ‘उद्या सात वाजता मागच्या दाराने ये, किल्ली कुंडीखाली आहे’ हे एक अक्षरही न बोलता जोडीदाराला सांगून पाहा. घाई कळेल, भीती कळेल. सात मात्र बोटांनीच दाखवावे लागतील आणि कुंडीपाशी गाडी अडेल. आता तेच वाक्य सपाट आवाजात, हात बांधून म्हणा. निरोप पोहोचतो, फक्त त्याखालची भीती हरवते.

‘मी ठीक आहे’ म्हणताना जबडा आवळलेला असेल, तर प्रेक्षक जबड्यावर विश्वास ठेवतो. शारीरिक तालीम लागते ती इथे, आणि त्यासाठी टक्केवारीची गरज नाही.