मागील ॲक्सलवरील डिस्क ब्रेकची जोडणी

जुन्या पिकअप ट्रकच्या मागील ॲक्सलवरचे (चाके जोडणाऱ्या आसावरचे) ड्रम ब्रेक, म्हणजे फिरत्या डब्याला आतून घासणारे ब्रेक, उतरवून त्या जागी मोडीत निघालेल्या दुसऱ्या वाहनाचे डिस्क ब्रेक, म्हणजे फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटणारे ब्रेक, बसवण्याचा प्रघात. तो मुख्यतः अमेरिकेत, फोर्ड, शेव्हरोले व जीप बनावटीच्या हलक्या वाहनांवर रुजला. येथे द्रवदाबावर चालणाऱ्या ब्रेकांचाच विचार केला आहे. जड मालट्रकांचे एअर ब्रेक हा वेगळा विषय आहे.

पूर्वपीठिका : डिस्क ब्रेकच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. एल्मर स्पेरी यांच्या १८९८ च्या सुमाराच्या विजेवर चालणाऱ्या मोटारीत चाकाजवळच्या चकतीवर विद्युतचुंबकाने दाब देणारी रचना होती, म्हणून काही लेखक श्रेय त्यांना देतात. ब्रिटिश परंपरा फ्रेडरिक लँचेस्टर यांच्या १९०२ च्या पेटंटापासून सुरुवात धरते. चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ चकती आणि तिला कडेजवळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे अस्तर, ही त्यांची मांडणी आजच्या कॅलिपरला (चकतीवर अस्तर दाबणाऱ्या चिमट्याला) अधिक जवळची असल्याने दुसरे मत जास्त ग्राह्य वाटते. अस्तर तांब्याचे असल्यामुळे हा ब्रेक कर्कश आवाज करी. १९४९ च्या क्रायस्लर क्राउन इंपीरियलचे नावही या संदर्भात घेतले जाते. पण तिच्यात दोन चकत्या बाहेरच्या बाजूंना पसरून फिरत्या बिडाच्या कवचाला आतून घासत. कॅलिपर नव्हताच. तिला या वंशावळीत जागा देणे ओढूनताणून होते. त्याच सुमाराच्या क्रॉस्लीच्या छोट्या मोटारींत खरे कॅलिपर होते, मात्र हिवाळ्यात रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठाने ते गंजून अडकत आणि थोड्याच काळात मागे घेतले गेले. १९५३ मध्ये ल मान्सच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक असलेली जॅग्वार सी-टाइप जिंकली, तेव्हापासून या रचनेची उपयुक्तता सर्वमान्य झाली.

प्रस्तुत प्रघात केव्हा सुरू झाला हे नेमके सांगणे कठीण आहे. तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस पसरला असावा. तोपर्यंत मागे डिस्क असलेल्या अमेरिकी गाड्या भंगारात फारशा मिळतच नव्हत्या. १९६५ पासून शेव्हरोले कॉर्व्हेटला चारही चाकांवर डिस्क मिळाले, परंतु तिचे मागील निलंबन (सस्पेन्शन) स्वतंत्र, म्हणजे प्रत्येक चाकासाठी वेगळे, असल्याने ते भाग सरळ अखंड ॲक्सलवर बसवणे गैरसोयीचे होते. अखंड ॲक्सलवरचा सहज वापरता येणारा माल आला तो लिंकन व्हर्साय (१९७७–८०) आणि १९७९ पासूनच्या काही पाँटिॲक ट्रान्स ॲममधून. व्हर्सायचा फोर्ड ९ इंची ॲक्सल शर्यतीच्या हौशी लोकांनी भंगारातून अक्षरशः उचलून नेला. ट्रकवाल्यांचे काम खऱ्या अर्थाने सोपे केले ते १९९५ च्या फोर्ड एक्स्प्लोररने. तिच्या ८.८ इंची ॲक्सलवर डिस्क आणि आतला छोटा पार्किंग ड्रम एकत्र आले, व हजारोंनी खपलेली ही गाडी पुढे मोडीतही तशीच मुबलक आली. जीप चेरोकी व रँग्लरखाली हा अख्खा ॲक्सलच घालतात. फोर्ड रेंजरच्या ८.८ इंची ॲक्सलवर नुसते ब्रेक उतरवून घेतात.

ॲक्सलचे टोक : जोडणी कितपत सोपी जाईल हे ॲक्सलच्या टोकावर ठरते. अर्धतरंगी (सेमी-फ्लोटिंग) ॲक्सलमध्ये चाकाचा भार ॲक्सल शाफ्टवरच येतो. त्यातही दोन पोटभेद आहेत. फोर्ड ९ इंची ॲक्सलमध्ये शाफ्ट बाहेरच्या टोकाला बेअरिंग व पट्टीने अडवलेला असतो. चार नट सोडले की तो बाहेर येतो. फोर्ड ८.८ इंची किंवा जनरल मोटर्सच्या बहुतेक १० व १२ बोल्टी ॲक्सलांत मात्र शाफ्ट आतल्या टोकाला ‘सी’ आकाराच्या क्लिपने अडकवलेला असतो. बॅक प्लेट (ब्रेकचे भाग धरणारी मागची तबकडी) बदलायची तर डिफरन्शियलचे (ॲक्सलच्या मधल्या गिअरसंचाचे) झाकण उघडून, गिअर ऑइल काढून, मधली पिन ओढून, शाफ्ट आत ढकलून क्लिप काढावी लागते. अशा शाफ्टला आतबाहेर थोडी ढिलाई असतेच. ड्रमला तिचे काही वाटत नाही. डिस्क मात्र शाफ्टबरोबर सरकते आणि स्थिर (जागेवर पक्का कसलेला) कॅलिपर असेल तर पिस्टन मागे ढकलले जाऊन पुढच्या वेळी पेडल खोल जाते. सरकता कॅलिपर ही ढिलाई आपल्या पिनांवर सामावून घेतो. म्हणून क्लिपच्या ॲक्सलवर तोच वापरणे श्रेयस्कर मानतात.

पूर्णतरंगी (फुल-फ्लोटिंग) ॲक्सलमध्ये, उदा., जनरल मोटर्सच्या १०.५ इंची १४ बोल्टी ॲक्सलमध्ये, भार स्पिंडलवरच्या (ॲक्सलच्या न फिरणाऱ्या टोकावरच्या) हबवर, म्हणजे चाकाच्या तुंब्यावर, असतो. त्यावर १९७३–८७ च्या पाऊणटनी शेव्हरोले के-२० ट्रकच्या पुढच्या चाकांचे डिस्क व कॅलिपर बसवण्याची रीत फार प्रचलित आहे. डिस्क हबच्या मागून स्टडवर बसते आणि कॅलिपरसाठी जाड पत्र्याची कंसपट्टी स्पिंडलच्या फ्लँजला बोल्टने कसतात. १५ इंची रिम कॅलिपरला घासते का, हे आधी पाहून घ्यावे.

चाक कसणाऱ्या बोल्टांचे वर्तुळ जुळत नसेल तर बाकी सारे जुळूनही फायदा नाही. एक्स्प्लोररचे वर्तुळ पाच बोल्टी ४.५ इंची, १९९६ पर्यंतच्या फोर्ड एफ-१५० चे पाच बोल्टी ५.५ इंची. डिस्कचे मधले भोक शाफ्टच्या उंचवट्यावर नेमके बसले पाहिजे, नाहीतर डिस्क केंद्रातून हलते व पेडल थरथरते.

दाबाचा समतोल : बहुसंख्य वर्णने कंसपट्टी व बोल्टांवर रेंगाळतात, कठीण भाग पुढे आहे. अमेरिकी ट्रकांच्या ड्रममध्ये पहिला शू (ड्रमला आतून घासणारी अस्तराची कमान) दुसऱ्याला रेटतो, त्यामुळे ब्रेक स्वतःचा जोर स्वतः वाढवतो. डिस्कमध्ये हा गुण नाही. ती उणीव मोठ्या पिस्टनने भरून काढतात : ड्रममधील शू पसरवणाऱ्या एक इंच व्यासाच्या व्हील सिलिंडरच्या तुलनेत के-२० च्या २.९४ इंची पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ८.६ पट भरते. परिणामी मास्टर सिलिंडरला (पेडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलिंडरला) मागच्या बाजूला बरेच जास्त तेल ढकलावे लागते. जुना सिलिंडर पुरला नाही तर पेडल तळाला टेकते. ड्रमसाठी मार्गात सुमारे १० पौंड प्रति चौरस इंच दाब धरून ठेवणारी झडप असते. ती तशीच राहिली तर पॅड (कॅलिपरमधील अस्तर) डिस्कवर सतत घासत राहतात.

दुसरा प्रश्न पुढच्यामागच्या वाटपाचा. जोरात ब्रेक दाबल्यावर वजन पुढे सरकते आणि रिकाम्या पिकअपची मागची चाके जवळजवळ तरंगू लागतात. पुढच्यासारखेच कॅलिपर मागे बसवले तर ती आधी लॉक होऊन गाडी आडवी फिरू शकते. यावर दोन मते आढळतात. एक मत असे, की ठरावीक दाबापुढे मागची वाढ मंदावणारी, हाताने जुळवता येणारी झडप लावली की पुरे. दुसरे मत मुळातच मागे लहान पिस्टनचा कॅलिपर निवडावा असे सांगते. भार बदलत राहणाऱ्या वाहनात एकाच जागी पिळून ठेवलेली झडप रिकाम्या व भरलेल्या दोन्ही स्थितींना न्याय देऊ शकत नाही, हे लक्षात घेता दुसऱ्या मताकडे कल असणे रास्त ठरते. १९८७ पासून एफ-१५० मध्ये फक्त मागच्या चाकांसाठी लॉकरोधक यंत्रणा होती. ती ड्रमच्या हिशेबाने जुळवलेली असते, याचा उल्लेख फार थोडे लोक करतात.

हँडब्रेक : के-२० चे पुढचे कॅलिपर मागे लावले की हँडब्रेक जातो, आणि उतारावर नुसत्या गिअरवर ट्रक उभा करणे धोक्याचे आहे. पर्याय म्हणून कॅडिलॅक एल्डोरॅडोचे मागील कॅलिपर वापरतात. त्यांत हँडब्रेकच्या तरफेने फिरणारा स्क्रू पिस्टन दाबतो. मात्र पॅड झिजतील तसा पिस्टन पुढे येण्याची सोय तरफ ओढल्यावरच चालते. हँडब्रेक वापरायची सवय नसलेल्या चालकाचे पेडल हळूहळू खाली जाते, आणि दोष विनाकारण मास्टर सिलिंडरला लागतो. एक्स्प्लोररच्या आतल्या ड्रमला ही अडचण नाही, फक्त केबलची लांबी व टोके जुळवावी लागतात.

कॅलिपर डावेउजवे उलटे बसले तर हवा काढायचे निपल खाली येते व कितीही पंप केले तरी वरची हवा निघत नाही.

उपयोग व मर्यादा : रिकाम्या ट्रकचे थांबण्याचे अंतर या बदलाने फारसे घटत नाही, कारण बहुतेक काम पुढचेच ब्रेक करतात. लाभ दिसतो तो चिखलपाण्यातून बाहेर पडल्यावर ब्रेक लगेच पकडण्यात, लांब घाटउतारावर तापूनही जोर टिकण्यात आणि देखभालीत. विशेष म्हणजे १९९९ च्या शेव्हरोले सिल्व्हराडोला चारही चाकांवर डिस्क देणाऱ्या जनरल मोटर्सनेच काही वर्षांनी अर्धाटनी आवृत्तीत मागे पुन्हा ड्रम बसवले.

कायदा : अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार सुरक्षा उपकरण निकामी करण्यास उत्पादक, विक्रेते व दुरुस्ती व्यावसायिकांना मनाई आहे, मालकाने स्वतः केलेल्या बदलाला ती लागू नाही, पण राज्यांचे तपासणी नियम निरनिराळे आहेत. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हीच भूमिका कायम ठेवली.