न बांधलेल्या महालांची पार्श्वभूमी

सतराव्या शतकात रोमच्या प्राचीन फोरमवर, म्हणजे जुन्या शहराच्या मुख्य चौकात, गुरं चरत होती. अर्धे जमिनीत गाडलेले खांब, कमानींवर उगवलेली झुडपं आणि तिथेच चित्रं काढत बसलेले परदेशी चित्रकार. त्यातल्या काहींनी दिसेल तसं न काढता इथली कमान तिथल्या देवळाशेजारी नेऊन ठेवायला सुरुवात केली. विवियानो कोदात्सी तैलरंगात हेच करत होता. अशा मनच्या चित्राला इटलीत काप्रिच्चो म्हणत.

कागदावर शाईने काढलेल्या काल्पनिक वास्तूंचा उगम मात्र या पडझडीपेक्षा नाटकगृहात शोधावा, असं मला वाटतं. ऑपेराला सतत नवे महाल, तुरुंग, देवळं लागत. नेपथ्यकार पिसाच्या लेखणीने तपकिरी शाईत भराभर आराखडे काढी आणि पातळ केलेल्या शाईचा कुंचला फिरवून सावल्या भरी. दगडाचा खर्च नाही, छताचा भार कोण पेलणार याची चिंता नाही.

या धंद्यात बिबिएना घराणं सर्वांत मोठं. आधीच्या नेपथ्यात सगळ्या रेषा मधोमध, मागे एका बिंदूत मिळत. देखावा धड दिसे तो समोर मध्यभागी बसलेल्या राजालाच. फेर्दिनांदो गाल्ली बिबिएनाने इमारत कोनातून दाखवली आणि ही पद्धत १७११ च्या आपल्या ग्रंथात मांडली. रेषा आता दोन्ही बाजूंना पळू लागल्या, खांब वरच्या चौकटीत कापले गेले, महाल रंगमंचापलीकडे कुठवर गेलाय याचा अंदाजच लागेना. युक्ती तशी साधी, परिणाम जबरदस्त. त्याचा मुलगा जुझेप्पे याने १७४० मध्ये अशा कल्पनांचा भलामोठा छापील संग्रह काढला. रंगवलेले पडदे केव्हाच गेले, त्यामुळे या घराण्याचं नेपथ्य आज मुख्यतः कागदावरच उरलंय.

वास्तुकार फिलिप्पो युवारा नेपथ्य आणि खरं बांधकाम अशा दोन्हीकडे वावरला. १७०८ पासून तो रोममध्ये कार्डिनल ओत्तोबोनीच्या नाटकगृहाचं नेपथ्य करत होता. १७१४ मध्ये तुरीनला गेल्यावर त्याने खऱ्या दगडात राजवाडे उभारले, सुपेर्गा टेकडीवर चर्च बांधलं.

छापील चित्रं काढणारा व्हेनिसकडचा पिरानेसी १७४० मध्ये रोमला आला. १७४३ च्या पहिल्या चित्रसंग्रहात त्याने सरळच लिहिलं की अशा इमारती बांधून घेणारं आता कोणी नाही, तेव्हा कल्पना चित्रातच मांडायच्या. त्याच्या काल्पनिक तुरुंगांच्या चित्रांतले तिरपे जिने आणि मध्येच कापलेल्या कमानी पाहिल्या की बिबिएनांचं ऋण लपत नाही. आयुष्यभर स्वतःला वास्तुकार म्हणवणाऱ्या या माणसाच्या नावावर प्रत्यक्ष बांधकाम जेमतेम एक: आव्हेंतीन टेकडीवरचं लहानसं चर्च, आणि तीही जुन्या इमारतीची पुनर्रचना.