कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी येते कुठून, आणि ते सहज काढावे कसे?

गॅरेजमधल्या किंवा पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरचा ड्रेन कॉक (टाकीतले पाणी सोडण्याची तळाची तोटी) उघडल्यावर तांबूस, तेलकट पाणी फसफसत बाहेर आले, की 'टाकीत कुठून तरी पाणी शिरते आहे' असे निदान हमखास केले जाते. ते चुकीचे आहे. आतला दाब बाहेरच्यापेक्षा 7 बारने (1 बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा दाब) जास्त, म्हणजे एकूण सुमारे आठपट, असताना टाकीला छिद्र असलेच, तर त्यातून हवा बाहेर जाईल. पाणी आत येणार नाही. हे पाणी यंत्राने ओढून घेतलेल्या हवेतलेच असते, आणि दमट हवेत यंत्र कितीही नवे वा महाग असले तरी ते साचणारच.

ओला स्पंज पिळावा तसे हवा दाबली की पाणी निघते, हे नेहमीचे स्पष्टीकरण सोपे असले तरी खऱ्या कारणापासून दूर नेते, कारण बाष्पाला हवेने धरून ठेवलेले नसतेच. मिश्रणातला प्रत्येक वायू, इतर वायू तिथे नाहीतच असे समजून आपापला दाब देतो, हे जॉन डाल्टन यांनी 19व्या शतकाच्या सुरुवातीला मांडले. त्यामुळे एका घनमीटर जागेत जास्तीत जास्त किती बाष्प राहू शकते, हे जवळजवळ केवळ तापमानावर ठरते. 28 अंश सेल्सिअसला ही मर्यादा सुमारे 27 ग्रॅम असते. मग त्या जागेत साधी हवा असो, आठपट दाबलेली हवा असो, किंवा हवा मुळीच नसो. पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सतत निसटत असतात आणि बाष्पातले रेणू सतत परतत असतात. निसटण्याचा वेग तापमान ठरवते, परतण्याचा वेग बाष्पाची दाटी ठरवते, आणि हे दोन वेग जिथे जुळतात तिथे मर्यादा येते. कॉम्प्रेसर 8 घनमीटर हवा 1 घनमीटरमध्ये कोंबतो तेव्हा बाष्पाची दाटी आठपट होते, मर्यादा मात्र तापमानासाठी ठरलेली तेवढीच राहते. जास्तीच्या बाष्पाला पाणी होण्यावाचून गत्यंतर नसते.

हे कॉम्प्रेसरच्या हवा दाबणाऱ्या सिलिंडरमध्येच का घडत नाही? दाबताना हवा इतकी तापते की तिचे तापमान सहज 100 अंशांच्या वर जाते, आणि त्या तापमानाला बाष्पाची मर्यादाही कित्येक पटींनी वाढलेली असते. ही गरम हवा टाकीच्या थंड पत्र्याला लागली की मर्यादा कोसळते आणि थेंब धरू लागतात.

मिनिटाला 200 लिटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर कोकणातल्या पावसाळ्यात, 28 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असताना, दिवसाकाठी चार तास चालला तर तो 48 घनमीटर हवेबरोबर सुमारे 1100 ग्रॅम बाष्प आत घेतो. टाकी 35 अंशांवर असेल तर दाबलेल्या 6 घनमीटर हवेबरोबर त्यातले 240 ग्रॅमच बाष्परूपाने बाहेर पडू शकते. उरलेले पाऊण लिटरहून अधिक पाणी टाकीत किंवा नळीत राहते. विदर्भातल्या कोरड्या मे महिन्यात हेच यंत्र जवळजवळ कोरडे राहू शकते. टायरमध्ये नायट्रोजन भरण्याची जी जाहिरात केली जाते, तिच्यातला खरा फायदाही बराचसा त्या वायूच्या कोरडेपणाचा आहे. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच.

साचलेले पाणी टाकीला आतून खाते. दाब आठपट असल्याने पाण्यात विरघळणारा ऑक्सिजनही सुमारे आठपट होतो आणि गंजाला बळ मिळते. पत्रा तळाशी पातळ होत जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. अशी टाकी फुटली तर माणूस दगावू शकतो, म्हणून गंजून छिद्र पडलेल्या टाकीला वेल्डिंगचे ठिगळ लावणे सर्वस्वी अयोग्य आहे.

तरीही पाणी नियमित काढले जात नाही, याचे कारण बहुतेक वेळा आळस नसून कॉकची जागा हे असते. तो टाकीच्या पोटाखाली, जमिनीपासून चार बोटांवर असतो. त्याचे भोक बारीक असल्याने गंजाच्या खपल्यांनी तुंबते. उपाय साधा आहे. यंत्र बंद करून, वीजजोडणी काढून आणि दाब पूर्ण शून्यावर आणून जुना कॉक काढावा. तिथे पितळी एल्बो (काटकोनी जोड) बसवावा, त्याला कॉम्प्रेसरच्या कमाल दाबाहून अधिक क्षमतेचा होज (लवचीक नळी) जोडावा आणि हाताशी येईल अशा जागी बॉल व्हॉल्व्ह घट्ट बांधावा. पाव फेऱ्यात पूर्ण उघडणाऱ्या या व्हॉल्व्हमध्ये खपल्या सहसा अडकत नाहीत. पीव्हीसीचा पाइप मात्र कधीही वापरू नये, दाबाखालच्या हवेने तो तडकून त्याचे तुकडे उडतात. आटेही तपासून घ्यावेत: पाव इंची एनपीटीला (पाइपच्या आट्यांची अमेरिकी पद्धत) इंचात 18 आटे असतात, बीएसपीला (ब्रिटिश पद्धत) 19, आणि टेफ्लॉन टेप गुंडाळून हा फरक भरून निघत नाही.

व्हॉल्व्ह टाकीच्या तळापेक्षा वर आला तरी चालते, कारण 1 बार दाब पाण्याला सुमारे 10 मीटर वर ढकलतो. फक्त दाब संपला की पाणी होजमध्ये अडकून राहते. म्हणून दिवसाचे काम आटोपल्यावर टाकीत 1-2 बार दाब शिल्लक असतानाच व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा, निघणारे तेलकट पाणी गटारात न सोडता डब्यात धरावे, आणि नुसती हवा येऊ लागली की तो बंद करावा.