‘नासक’ हिऱ्याचं अर्धं वजन गेलं कुठे?

आपला हिरा परत यावा असं कितीतरी नाशिककरांना वाटतं. मलाही वाटतं. पण त्र्यंबकेश्वराच्या शिवमूर्तीवर जो हिरा होता असं सांगतात, त्याचा निम्म्याहून जास्त भाग आज जगात कुठेच नाही.

नाव नाशिकचं असलं, तरी ‘नासक’ इथल्या मातीतला नव्हे. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला बेसॉल्ट. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइटचे देखणे स्फटिक सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते जरूर पाहावेत. हिरा मात्र त्यात सापडत नाही. तो घडायला दीडशे-दोनशे किलोमीटर खोलीवरचा दाब लागतो आणि वाटेत त्याचं ग्रॅफाइट होण्याआधी त्याला वर आणणारा वेगवान शिलारस लागतो. ‘नासक’ गोवळकोंड्याच्या खाणींतला मानला जातो.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हिरा इंग्रजांच्या हाती पडला. तेव्हा तो सुमारे ९० कॅरेटचा, म्हणजे १८ ग्रॅमचा होता. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी तो घेतला आणि पुन्हा पैलू पाडायला दिला.

आपल्याकडच्या जुन्या कारागिरांचा कल वजन राखण्याकडे असे. दगडाच्या मूळ घडणीला धरूनच ते पैलू पाडत. युरोपला हवा होता लखलखाट. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचं माप, २.४२ आहे. त्यामुळे आत शिरलेला प्रकाश मागच्या पैलूवर लंबाशी साधारण २४.५ अंशांहून मोठा कोन करून आदळला, तर बाहेर न पडता आतच परावर्तित होतो आणि पुढून डोळ्यांत येतो. कोन चुकला की प्रकाश मागून निसटतो. हा कोन साधायचा तर दगड घासावाच लागतो, आणि हिरा घासतो हिराच: फिरत्या लोखंडी चकतीवर तेलात कालवलेली हिऱ्याची पूड. प्रत्येक दिशेला त्याचा कठीणपणा वेगळा असतो, म्हणून मऊ दिशा हेरणं हेच खरं कसब.

लंडनमध्ये तो ८० कॅरेटच्या आसपास आला. पुढे वेस्टमिन्स्टरचे मार्क्विस या इंग्रज उमरावाच्या तलवारीच्या मुठीत बसला. १९४० मध्ये अमेरिकी जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो पॅरिसमध्ये विकत घेतला आणि नव्यानं घडवून ४३.३८ कॅरेटचा, पाचूला देतात तशा चौकोनी घाटाचा, पूर्ण निर्दोष केला. १९७० च्या न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर मिळाले. १९७७ मध्ये तो लेबनॉनच्या रॉबर्ट मुआवाद यांच्या संग्रहात गेला.

‘निर्दोष’ या बिरुदाचंच मला जास्त वाईट वाटतं. जवाहिऱ्या ज्याला दोष म्हणतो, ते बहुतेकदा हिरा घडताना आत अडकलेले गार्नेटसारख्या खनिजांचे कण असतात. हिऱ्यातल्या कार्बनवरून त्याचं वय काढता येत नाही. ते काढतात या कणांतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून. किती खोलीवर तो घडला, हेही तेच सांगतात. ‘नासक’मध्ये असे कण असतील, तर ते लंडनच्या नाहीतर विन्स्टन यांच्या चकतीवर पूड होऊन गेले. जुन्या कारागिराचे पैलूही असेच गेले.

उरलेल्या पावणेनऊ ग्रॅमांकडून मात्र अजून काही कळू शकतं. अवरक्त प्रकाश आरपार सोडला की हिऱ्यात नायट्रोजन किती आहे आणि त्याचे अणू सुटे आहेत की जोडीनं, हे कळतं. त्यावरून भूगर्भात तो किती तापमानाला राहिला असेल, याचा अंदाज बांधता येतो. नायट्रोजन जवळजवळ नसलाच, तर हा अंदाज बांधता येत नाही. पण गोवळकोंड्याचे कित्येक नामवंत हिरे तसेच आहेत, आणि ‘नासक’ त्यांच्या पंगतीतला आहे का, हे त्यातून कळेल. या तपासणीसाठी त्याचा एक कणही कापावा लागत नाही.