४९३ पावलांवरची सम

सा, रे, ग हे तीन स्वर घ्या. सोबत चार ठोक्यांचा एक लयबंध घ्या, प्रत्येक ठोक्याची लांबी वेगळी. दोन्ही एकदम सुरू करा आणि जे संपेल ते पुन्हा पहिल्यापासून धरा. ‘सा’ला आधी पहिली लांबी मिळेल, मग चौथी, मग तिसरी, मग दुसरी. तीन आणि चारचा लसावि १२. म्हणजे बारा स्वर होऊन गेल्यावरच ‘सा’ आणि पहिली लांबी पुन्हा एकत्र येतात.

चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये फिलिप द व्हित्री आणि गियोम द माशो यांनी याच हिशोबावर मोटेट हे बहुस्वरी गानप्रकार बांधले. स्वरांची ओळ म्हणजे ‘कलर’, लयीचा तुकडा म्हणजे ‘तालेआ’. (आपल्या ‘ताला’शी त्याचं नातं जोडावंसं वाटतं, पण लॅटिनमध्ये तालेआ म्हणजे झाडाचं कलम, कापलेला तुकडा.) या तंत्राला आज आयसोऱ्हिदम म्हणतात. पंधराव्या शतकात ते मागे पडलं.

ते पुन्हा ऐकू आलं एका युद्धकैद्यांच्या छावणीत. १५ जानेवारी १९४१ रोजी गोर्लिट्झजवळच्या जर्मन छावणीत फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांनी, स्वतः कैदी असताना, काळाच्या अंताविषयीची आपली रचना सहकैद्यांसोबत सादर केली. वाद्यं चार: व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो, पियानो. पहिल्या भागात व्हायोलिन आणि क्लॅरिनेट पक्ष्यांसारखे गातात. खाली पियानो १७ ठोक्यांचा लयबंध आणि २९ स्वरसमूहांची माळ एकाच वेळी फिरवत राहतो.

१७ आणि २९ या दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे लसावि थेट गुणाकारच, ४९३. तेवढे ठोके वाजल्याशिवाय माळ आणि लय पुन्हा आरंभाला मिळणार नाहीत, आणि हा भाग त्याच्या कितीतरी आधी संपतो. समेची वाट पाहण्याची सवय असलेल्या आपल्या कानांना ही ओढ विशेष जाणवावी. आवर्तन चालू आहे हे कळतं, ते पूर्ण मात्र होत नाही. काळ थांबल्याचा भास मेसियाँनी असा अंकगणितातून उभा केला, हे मला त्या रचनेतलं सगळ्यात विलक्षण वाटतं.

आता ते १७ ठोके कुठले? रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश असे तीन देशी ताल जोडून ते झाले आहेत. मेसियाँना ते शारंगदेवाच्या ‘संगीत रत्नाकरा’तल्या १२० देशी तालांच्या यादीत सापडले, एका फ्रेंच विश्वकोशात छापलेल्या. तो ग्रंथ तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने लिहिला गेला, देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला.