थॉमस राव्हेली : १४३ सामन्यांमागचा काळ

स्वीडनच्या पुरुष फुटबॉल संघाचा गोलरक्षक थॉमस राव्हेली १९८१ ते १९९७ या काळात १४३ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. इंग्लंडच्या पीटर शिल्टनचा १२५ सामन्यांचा युरोपीय उच्चांक त्याने मागे टाकला आणि २००० साली जर्मनीचा लोथार माथेउस पुढे जाईपर्यंत हा मान त्याच्याकडेच राहिला. त्याचे नाव निघाले की बहुतेकांना १९९४ची विश्वचषक स्पर्धा आठवते. हा आकडा मात्र स्वीडन कोणत्याही मोठ्या स्पर्धेत नसताना, चर्चेपासून दूर राहून वाढत गेला होता, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

राव्हेलीचा जन्म १३ ऑगस्ट १९५९ रोजी दक्षिण स्वीडनमधील विमरब्यू या लहान गावी झाला. त्याचे वडील ऑस्ट्रियातून येऊन तेथे स्थायिक झाले होते. त्याचा जुळा भाऊ आंद्रेआस हाही पुढे स्वीडनकडून खेळला. दोघांची जडणघडण वेक्शो शहरातील ओस्टर क्लबात झाली. स्टॉकहोम, गोथेनबर्ग आणि माल्मो या मोठ्या शहरांच्या तुलनेत वेक्शो अगदीच छोटे असले, तरी ओस्टरने १९६८ साली अव्वल साखळीत पाऊल ठेवताच पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळवले होते आणि त्यानंतर १९७८, १९८० व १९८१ या वर्षीही ते जिंकले. अशा क्लबात तरुण गोलरक्षकाला विजेतेपदाच्या लढतींचा अनुभव घरबसल्या मिळत होता. राव्हेलीने या संधीचे सोने केले. १९८१ साली त्याने राष्ट्रीय संघात पदार्पण केले आणि त्याच वर्षी स्वीडनच्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला दिला जाणारा सुवर्ण चेंडूही पटकावला. त्या वेळी तो अवघा बावीस वर्षांचा होता.

यात काळाचाही वाटा होता. त्याच्याआधी स्वीडनचे गोल सांभाळणारा रॉनी हेलस्ट्रॉम जर्मनीतील कायझरस्लाउटर्नकडून खेळत असे आणि जगातील उत्तम गोलरक्षकांत त्याची गणना होई. १९८० साली तो राष्ट्रीय संघातून बाजूला झाला आणि ती जागा रिकामी झाली. ज्येष्ठ गोलरक्षकाची निवृत्ती आणि तरुणाची उमेद यांची अशी गाठ पडणे हा बराचसा योगायोगच असतो. या जागेवर एका वेळी एकच जण खेळतो, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या गोलरक्षकाची उमेदीची वर्षे अनेकदा बाकावर बसूनच सरतात.

त्यापुढची वर्षे मात्र कोरडी गेली. १९८२ आणि १९८६ या दोन्ही विश्वचषकांसाठी स्वीडन पात्र ठरू शकले नाही, आणि १९८४ व १९८८च्या युरोपीय स्पर्धांतही त्यांना प्रवेश मिळाला नाही. म्हणजे पदार्पणानंतर नऊ वर्षे राव्हेलीच्या वाट्याला फक्त पात्रता फेऱ्या आणि मैत्रीपूर्ण लढती आल्या. स्वीडनचा देशांतर्गत हंगाम वसंतात सुरू होऊन शरदात संपतो, त्यामुळे हिवाळ्यातील मोकळ्या काळात राष्ट्रीय संघ दौऱ्यावर निघे आणि त्यात मायदेशातील क्लबांकडून खेळणाऱ्यांचा भरणा असे. राव्हेली १९९७पर्यंत स्वीडनमध्येच खेळत राहिला. परदेशी क्लबांच्या वेळापत्रकाशी त्याला झगडावे लागले नाही, आणि माझ्या मते १४३ या संख्येचे एक साधे स्पष्टीकरण येथेच सापडते.

१९८९ साली तो आयएफके गोथेनबर्गमध्ये दाखल झाला. या क्लबने १९८२ आणि १९८७ साली यूएफा कप ही युरोपीय क्लबांची स्पर्धा जिंकली होती. १९८२च्या विजेत्या संघातील अनेक खेळाडू फुटबॉलखेरीज इतर नोकऱ्याही करत होते, यावरून त्या काळच्या स्वीडिश फुटबॉलची कल्पना येते. राव्हेलीच्या काळात गोथेनबर्गने १९९० ते १९९६ दरम्यान सहा वेळा साखळी जिंकली. १९९४-९५च्या चॅम्पियन्स लीगमध्ये बार्सिलोना, मँचेस्टर युनायटेड आणि गालातासराय यांच्या गटात हा संघ पहिला आला. उपांत्यपूर्व फेरीत बायर्न म्युनिकशी दोन्ही सामने बरोबरीत सुटले आणि परक्या मैदानावरील गोलांच्या नियमामुळे (एकूण गोल सारखे असले तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जाई) गोथेनबर्गला बाहेर पडावे लागले.

राष्ट्रीय संघाचे दिवस पालटायला वेळ लागला. १९९०च्या इटलीतील विश्वचषकात ब्राझील, स्कॉटलंड आणि कोस्टा रिका या तिघांकडूनही स्वीडन १-२ अशाच फरकाने हरले. त्यानंतर ओस्टरचाच जुना खेळाडू टॉमी स्वेन्सन प्रशिक्षक झाला. १९९२ साली मायदेशी झालेल्या युरोपीय स्पर्धेत संघाने उपांत्य फेरी गाठली. त्याच उन्हाळ्यानंतर सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेण्यावर बंदी आली. तेहतिशीला आलेल्या गोलरक्षकाला वर्षानुवर्षांची सवय मोडायला लावणारा हा बदल होता.

१० जुलै १९९४ रोजी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड स्टेडियमवर रुमानियाविरुद्धची उपांत्यपूर्व लढत रंगली. जादा वेळेत रुमानियाने २-१ अशी आघाडी घेतली, पाठोपाठ स्टेफान श्वार्झला लाल कार्ड मिळाले आणि दहा जणांवर आलेल्या स्वीडनला ११५व्या मिनिटाला केनेट अँडरसनने हेडरवर बरोबरी साधून दिली. पेनल्टी शूटआउटमध्ये स्वीडनचा पहिलाच फटका गोलवरून गेला, त्यामुळे राव्हेलीने काही अडवले नाही तर सारे संपणार होते. रुमानियाचे पहिले तीन फटके गोलमध्ये गेले. चौथा, दान पेत्रेस्कूचा, त्याने अडवला. पाच-पाच फटक्यांनंतर बरोबरी झाली, सहाव्या फटक्यावर हेन्रिक लार्सनने गोल केला आणि मियोद्राग बेलोदेदिची पुढे आला. तीनच वर्षांपूर्वी युरोपियन कप या क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यातील शूटआउटमध्ये रेड स्टार बेलग्रेडसाठी गोल करणारा हा अनुभवी बचावपटू होता. राव्हेलीने त्याचाही फटका अडवला. डोळे मोठे करून चेहऱ्यावर तऱ्हेतऱ्हेचे भाव आणणारा राव्हेली त्या दिवसापासून जगभरच्या प्रेक्षकांच्या ओळखीचा झाला. उपांत्य सामन्यात पुन्हा दहा जणांनिशी खेळणाऱ्या स्वीडनला रोमारियोच्या एकमेव गोलामुळे ब्राझीलने हरवले. तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियावर ४-० असा विजय मिळाला. १९५८च्या उपविजेतेपदानंतरची ही स्वीडनची सर्वोत्तम कामगिरी ठरली.

त्यानंतर १९९६ची युरोपीय स्पर्धा आणि १९९८चा विश्वचषक हे दोन्ही पुन्हा हुकले. १९९८च्या पात्रता गटात पहिला आला तो ऑस्ट्रिया, राव्हेलीच्या वडिलांचा देश. १९९७ साली तो राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला आणि पुढचा हंगाम अमेरिकेत टँपा बे म्युटिनीकडून खेळला. स्वीडिश पुरुषांमधील त्याचा सामन्यांचा विक्रम २०१३ साली मध्यरक्षक आंद्रेस स्वेन्सनने मोडला. गोलरक्षकांमध्ये त्याच्या सर्वांत जवळ पोहोचला तो आंद्रेआस इसाक्सन. २००२ ते २०१६ या काळात खेळून तो १३३ सामन्यांवर थांबला.