मद्यपी वाहनचालकाची खोटी जबानी

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या कारवाईतून सुटण्यासाठी पोलिसांना किंवा न्यायालयाला खोटे सांगणे हा बहुतेक देशांत स्वतंत्र गुन्हा असून तो अनेकदा मूळ गुन्ह्यापेक्षा जड ठरतो. इंग्लंडमध्ये निव्वळ दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल जास्तीत जास्त ६ महिने कैद होते. शपथेवर खोटे बोलल्यास ७ वर्षांपर्यंत, तर न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्यास कायद्याने जन्मठेपेपर्यंत शिक्षा देता येते.

सर्वांत जुनी थाप म्हणजे ‘गाडी मी चालवतच नव्हतो’. ती पकडायला फार लागत नाही. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीत चालकाच्या उजव्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उठतो, शेजारच्याच्या डाव्या. शिवाय एअरबॅगवरचे रक्त, मागेपुढे सरकवलेले आसन, रस्त्यावरचे कॅमेरे असतातच. मित्राने किंवा बायकोने दोष अंगावर घेतला तर तीही आरोपी होते. विमा कंपनीलाही तेच सांगितले, तर फसवणुकीचे कलम वेगळे.

दुसरी थाप अधिक हुशारीची: ‘प्यायलो, पण घरी पोचल्यावर.’ हे खरेही असू शकते, म्हणून न्यायालय ते ऐकून घेते. इंग्लंडमध्ये मात्र ते सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. रक्तातले मद्य साधारणपणे तासाला दर १०० मिलिलिटरमागे १५ ते २० मिलिग्रॅमने उतरते. त्यावरून तज्ज्ञ उलटा हिशेब मांडतात, आणि सांगितलेले पेग व बाटलीतली उरलेली दारू यांचा मेळ बसला नाही की बनाव उघडा पडतो.

खोटे किती महाग पडते याचा नमुना म्हणून ऑस्ट्रेलियाचे निवृत्त न्यायाधीश मार्कस आइनफेल्ड यांचे प्रकरण सांगतात, जरी त्यात दारूचा संबंध नव्हता. २००६ मध्ये वेगमर्यादा ओलांडल्याचा ७७ डॉलरचा दंड टाळण्यासाठी त्यांनी गाडी एका मैत्रिणीला दिल्याचे शपथेवर सांगितले. ती तीन वर्षांपूर्वीच वारली होती. २००९ मध्ये त्यांना ३ वर्षांची कैद झाली.

गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. तो हक्क पुष्कळ ठिकाणी आहे. पण तो मर्यादित असतो. श्वासचाचणी नाकारणे अनेक देशांत स्वतंत्र गुन्हा आहे, आणि चालक कोण होता हे सांगणे काही ठिकाणी गाडीमालकावर बंधनकारक असते. खोटी जबानी लवकर मागे घेतल्यास शिक्षा सौम्य होऊ शकते. गुन्हा मात्र पुसला जातोच असे नाही.